हृद्रोगावरील उपायांची पारख

"अमक्यांना अमक्या औषधानें गुण आला" हें वाक्य आपल्या घरांतून जितक्या सहजपणें बोललें जातें, तितकें औषधपाण्याविषयींचें दुसरें कोणतेंही वाक्य बोललें जात नसेल. हृदयाचें दुखणें घरांत शिरलें म्हणजे मनुष्याचा धीर सुटतो, आणि धीर सुटलेल्या माणसाला समोर येईल तो उपाय खात्रीचा वाटूं लागतो. कोणी जमीन गहाण टाकून शस्त्रक्रिया करवून घेतो. कोणी उलट, "मला तर कांहींच होत नाहीं" असें म्हणून रक्ताच्या दाबावरची गोळी आपल्या मनानें बंद करतो. हे निर्णय कशाच्या आधारावर घेतले, असें विचारलें तर उत्तर बहुधा एकच मिळतें : शेजारच्याला गुण आला, किंवा शेजारच्याला आला नाहीं. हा आधार कितपत भक्कम आहे, आणि याहून भक्कम आधार कोणता, याचा आज थोडा विचार करूं.

मी वैद्य नाहीं कीं डॉक्टर नाहीं. मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांना अंकगणित शिकविलेला मी एक निवृत्त शाळामास्तर आहें. परंतु औषधाची परीक्षा हा निम्म्याहून अधिक गणिताचाच विषय आहे. आणि माझें गांव माळेगांव बुद्रुक हें बारामतीच्या ऊसपट्ट्यांत असल्यामुळें त्यांतील मुख्य तत्त्व आमच्या गांवच्या कोणत्याही शेतकऱ्याला चटकन् पटतें, असा माझा अनुभव आहे.

समजा, एक खतविक्या सांगूं लागला कीं, "हें नवें खत घातलें आणि ऊस एकरीं अमुक टन उतरला." आमचा शेतकरी लगेच मान डोलावीत नाहीं. तो विचारतो, जमीन काळी होती कीं चोपण? पाण्याच्या पाळ्या किती मिळाल्या? लागण आडसाली होती कीं तो खोडवा होता? नवें खत आडसाली उसाला आणि जुनें खत खोडव्याला घालून दोहोंची तुलना केली, तर ती तुलनाच नव्हे, हें त्याला सांगावें लागत नाहीं. नीरेच्या खोऱ्यांत पाडेगांव येथें १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. अशा केंद्रांत शेताचे लहान लहान तुकडे पाडून कोणत्या तुकड्याला कोणतें खत अथवा कोणतें बेणें द्यावयाचें, हें संशोधक आपल्या मर्जीनें न ठरवितां चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दैवावर सोंपवितात. म्हणजे चांगली जमीन एकाच्याच वांट्याला जात नाहीं. ही पद्धत १९२० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथें रोनाल्ड फिशर यांनीं बसविली. आपल्याकडे विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं शेतीच्या संशोधकांसाठीं या गणितावर लिहिलेला ग्रंथ १९५४ मध्यें प्रसिद्ध झाला. शेतांतली हीच चिठ्ठी पुढें रुग्णालयांत गेली. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ मध्यें प्रसिद्ध झालेली ब्रिटिश परीक्षा हें तिचें नांवाजलेलें उदाहरण होय.

आतां हृद्रोगाकडे वळूं, आणि उदाहरण आपल्या मुंबईचेंच घेऊं.

सर्पगंधा ही वनस्पति आपल्या वैद्यांना फार पूर्वींपासून ठाऊक आहे. तिच्या मुळीनें वेड शमतें व रक्ताचा दाब उतरतो, असें कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ मध्यें लिहून ठेवलें होतें. पुढें मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या ५० रोग्यांना ती देऊन दाबाच्या नोंदी काळजीपूर्वक ठेवल्या, आणि १९४९ मध्यें तो वृत्तांत इंग्लंडच्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. बहुतेक रोग्यांचा दाब उतरला होता. त्या काळीं वाढलेल्या दाबावर सोसेल असें गुणकारी औषध जवळजवळ नव्हतेंच. त्यामुळें या लेखानें जगांतील डॉक्टरांचें लक्ष सर्पगंधेकडे वेधलें. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडांतील सीबा कंपनीच्या संशोधकांनीं तिच्या मुळींतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें, आणि १९५७ मध्यें डॉ. वकील यांना अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें. मराठी मुलखांतल्या एका रुग्णालयांतून उठलेली ही हांक सातासमुद्रांपलीकडे ऐकूं गेली, याचा आपणांस सार्थ अभिमान वाटावा.

परंतु अभिमान ही एक गोष्ट आणि पारख ही दुसरी. त्या ५० रोग्यांच्या वृत्तांताला आमच्या शेतकऱ्याचा प्रश्न विचारून पाहूं : तुलना कोणाशीं? चिठ्ठ्या टाकून वेगळा काढलेला, औषध न मिळालेला असा दुसरा गट त्यांत नव्हता. आतां रक्ताचा दाब ही वस्तु मोठी लहरी आहे. ज्या दिवशीं तो चढलेला सांपडतो त्याच दिवशीं आपण त्या मनुष्याला 'रोगी' म्हणून निवडतों. पुन्हा मोजला म्हणजे पुष्कळदां तो आपोआपच कांहींसा उतरलेला असतो. वर्गांत पहिल्या परीक्षेंत सर्वांत वर आलेलीं दहा मुलें घ्या; दुसऱ्या परीक्षेंत त्यांची सरासरी बहुधा थोडी खालीं येते. तेवढ्यांत मुलें कांहीं मठ्ठ झालेलीं नसतात. पहिल्या वेळीं त्यांच्या हुशारीला नशिबाचीही जोड मिळालेली असते, इतकेंच. शिवाय डॉक्टरांची ओळख झाली, भीति मोडली, खाण्यांतलें मीठ कमी झालें, यांनींही दाब उतरतो. तेव्हां एकूण उतारापैकीं औषधाचा वांटा किती, हें दुसऱ्या गटावांचून नेमकें सांगतां येत नाहीं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली कीं काय, हें ओळखावयाचें तर कावळा न बसलेल्या फांद्याही मोजाव्या लागतात. यामुळें डॉ. वकील यांच्या कामाला उणेपणा येत नाहीं. त्यांनीं दार उघडलें. आंत काय आहे हें पाहण्याचें काम पुढच्यांचें होतें.

तें काम अमेरिकेंत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतून झालें, आणि तेथें एक दुसरा, अधिक मोलाचा प्रश्न विचारला गेला. दाब उतरतो हें खरें. पण दाब उतरल्यानें माणूस वांचतो का? पाऱ्याची रेषा खालीं यावी म्हणून कोणी गोळी घेत नाहीं. पक्षाघात होऊं नये, हृदय थकूं नये, मरण लांबावें, म्हणून घेतो. ज्यांच्या दाबाचा खालचा आंकडा ११५ ते १२९ होता, अशा १४३ पुरुषांचे चिठ्ठीनें दोन गट केले. ७३ जणांना खरें औषध, म्हणजे रेसर्पिन व त्याच्या जोडीला आणखी दोन द्रव्यें, आणि ७० जणांना तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळालें हें रोग्यांना ठाऊक नव्हतें. गोळ्या नेमानें घेणारेच लोक परीक्षेंत यावेत म्हणून आधीं कांहीं दिवस सर्वांना रायबोफ्लेविन मिसळलेल्या निर्गुण गोळ्या देऊन लघवींत त्याची चमक दिसते कीं नाहीं, तें तपासलें होतें! १९६७ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निर्गुण गोळीच्या गटांत २७ जणांना गंभीर विकार जडले व त्यांतच ४ मृत्यु मोडले. औषधाच्या गटांत असे विकार दोघांनाच झाले व मृत्यु एकही नाहीं. २७ आणि २! येथें शंकेला जागाच उरली नाहीं. चढलेला दाब कांहीं दुखत नसतांनाही उतरविला पाहिजे, हें यावरून सिद्ध झालें. जो गृहस्थ "मला कांहीं होत नाहीं" म्हणून गोळी सोडतो, त्यानें या दोन आंकड्यांकडे पाहावें.

तरीही परीक्षकानें येथें थांबून म्हटलें पाहिजे : हे सर्व पुरुष होते, आणि सर्वांचा दाब फार चढलेला होता. स्त्रियांना व सौम्य दाबाच्या माणसांना हाच निष्कर्ष जसाच्या तसा लागू करतां येत नाहीं. सौम्य व मध्यम दाबासाठीं पुन्हा वेगळी परीक्षा करावी लागली आणि तिचें फळ १९७० मध्यें बाहेर आलें. परीक्षेंतलीं माणसें आपल्यासारखीं होतीं का, हा प्रश्न म्हणूनच कधीं विसरूं नये.

मोजलेला आंकडा सुधारला म्हणजे रोगी सुधारलाच, असें धरून चालणें किती घातक होतें याचा दाखलाही हृद्रोगाच्याच इतिहासांत आहे. हृदयाचा झटका येऊन गेलेल्या कित्येकांचे ठोके मधूनमधून चुकतात, आणि अशांत एकाएकीं मरणाऱ्यांचें प्रमाण अधिक असतें. म्हणून ठोके सुरळीत करणारीं औषधें दिलीं कीं मरण टळेल, हा तर्क इतका सरळ होता कीं त्याविषयीं कोणाला शंकाही येऊं नये. एन्कॅनाइड व फ्लेकॅनाइड या औषधांनीं ठोके सुधारत, हें यंत्रावर स्पष्ट दिसे. अमेरिकेंत त्यांची चिठ्ठी टाकून परीक्षा झाली, ती १९८९ मध्यें मध्येंच थांबवावी लागली. १९९१ च्या पूर्ण वृत्तांतांत आंकडे आहेत ते असे : औषध मिळालेल्या ७५५ पैकीं ६३ मेले; निर्गुण गोळी मिळालेल्या ७४३ पैकीं २६. ठोके सुधारले, आणि माणसें अधिक मेलीं. ही परीक्षा झाली नसती तर डॉक्टर सद्‌बुद्धीनेंच तीं औषधें देत राहिले असते.

तुलनेचा गट चुकीचा निवडला तर उलट दिशेनेंही फसगत होते. १९७४ मध्यें 'लॅन्सेट' साप्ताहिकांत तीन लेख एकदमच आले, आणि रेसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग अधिक होतो, अशी भीति जगभर पसरली. या अभ्यासांत चिठ्ठी नव्हती. रोग झालेल्या स्त्रिया व न झालेल्या स्त्रिया निवडून पूर्वीं रेसर्पिन कोणी किती घेतलें होतें, तें पाहिलें होतें. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाहीं. १९८५ मध्यें येल विद्यापीठांतील दोघा संशोधकांनीं गोम दाखवून दिली. तुलनेच्या गटांतून हृदयाचे व रक्तदाबाचे विकार असलेल्या स्त्रियांना वगळलें, तर त्या गटांत रेसर्पिन घेणाऱ्या कमी सांपडणारच. कारण तें औषध घेतात त्या मुख्यतः याच स्त्रिया. कर्करोगाच्या गटांतून मात्र त्यांना तसें वगळलेलें नव्हतें. मग दुसऱ्या गटांत औषध अधिक दिसलें, यांत नवल तें काय? रेसर्पिन आज क्वचितच वापरतात, कारण त्यानें कित्येकांना औदासीन्य येतें असा अनुभव आला आणि त्याहून सोसणारीं औषधें निघालीं. परंतु कर्करोगाचा आळ त्याच्यावर आला तो तुलनेच्या दोषामुळें.

गोळीपेक्षां शस्त्रक्रियेची पारख अधिक अवघड. छातींतील एक धमनी बांधून टाकली म्हणजे हृदयाकडे अधिक रक्त वळतें, या समजुतीनें एके काळीं हृदयशूळावर ती शस्त्रक्रिया करीत, आणि रोगी "बरें वाटतें" असें सांगतही. १९५९ मध्यें अमेरिकेंत १७ रोग्यांवर तिची परीक्षा झाली. सर्वांच्या छातीला छेद दिला, पण धमनी बांधली ती ८ जणांचीच. धमनी न बांधलेल्या ९ जणांनाही तसाच आराम वाटला! ती शस्त्रक्रिया लवकरच मागें पडली. रोगी खोटें बोलत नव्हते. आशेचाही गुण येतो. फक्त त्यासाठीं छाती उघडावयाची कीं नाहीं, एवढाच प्रश्न.

स्टेंट म्हणजे रक्तवाहिनींत बसविण्याची जाळीची नळी. हिच्याविषयीं घरोघर बोलणें होतें, म्हणून दोन गोष्टी नीट वेगळ्या ठेवाव्या. झटका येत असतांना बंद पडलेली वाहिनी तातडीनें उघडणें हा जीव वांचविणारा उपाय आहे; तेथें विचार करीत बसूं नये. पण चालतांना छाती भरून येते व विसावा घेतल्यावर थांबते, असें स्थिर दुखणें असेल तर प्रश्न निराळा. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडांतील एका परीक्षेंत औषधें चालूं असलेल्या २०० रोग्यांपैकीं निम्म्यांना स्टेंट घातला व निम्म्यांवर नुसता देखावा केला. सहा आठवड्यांनीं चालण्याच्या शक्तींतील फरक १६-१७ सेकंदांचा, म्हणजे योगायोगानेंही पडावा इतका, निघाला. त्याच मंडळींनीं २०२३ मध्यें शूळावरील औषधें बंद ठेवून परीक्षा घेतली, तेव्हां स्टेंटनें वेदना निश्चित कमी झाल्या. आणि मरणाचें काय? भारतासह अनेक देशांतील ५,१७९ रोग्यांच्या, २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत, आधींच स्टेंट किंवा शस्त्रक्रिया केलेल्यांत व आधीं औषधांवर ठेवलेल्यांत सुमारें तीन वर्षांत मृत्यूंचा फरक दिसला नाहीं. मात्र डाव्या मुख्य वाहिनींत मोठा अडथळा असलेले रोगी त्या परीक्षेंत घेतलेच नव्हते; अशांनीं त्या निष्कर्षावर विसंबूं नये. एका औषधोपचाराविषयीं "चांगला कीं वाईट?" असा प्रश्न विचारण्याऐवजीं "कोणासाठीं, कशासाठीं?" असें विचारावें, तें यासाठींच.

आतां एक गमतीची पण बोधप्रद गोष्ट. १९८८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, झटका आलेल्या १७,१८७ रोग्यांच्या परीक्षेंत साध्या अ‍ॅस्पिरिननें पांच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यु शेंकडा ११.८ वरून ९.४ वर आणले. मग संपादकांनीं सुचविलें कीं, निरनिराळ्या प्रकारच्या रोग्यांवरील परिणाम वेगवेगळा दाखवा. संशोधकांनीं तो दाखविला, आणि त्यांत रोग्यांच्या जन्मराशीही घातल्या! मिथुन व तूळ राशींच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग नाहीं, बाकीच्यांना भरपूर, असें निघालें. आपल्याकडे कोणी तें खरेंही मानील. पण त्यांचा हेतु उलट होता. एका ढिगाचे पुरेसे वांटे पाडीत गेलें कीं कोठें तरी नवल दिसणारच, हें त्यांना दाखवावयाचें होतें. म्हणून परीक्षा संपल्यावर शोधून काढलेल्या निष्कर्षापेक्षां आधींच लिहून ठेवलेला प्रश्न वजनदार. आपल्या देशांत अशा परीक्षांची आगाऊ नोंद करण्याची वही २००७ मध्यें उघडली, आणि २००९ पासून ती नोंद सक्तीची झाली, ही समाधानाची गोष्ट आहे.

आणखी एक युक्ति शाळामास्तराला लवकर कळते. कित्येक शाळा कच्च्या मुलांचे परीक्षेचे अर्जच भरूं देत नाहींत आणि मग शंभर टक्के निकालाचा फलक लावतात. औषध सोसलें नाहीं म्हणून मध्येंच सोडून गेलेल्यांना हिशेबांतून गाळलें कीं औषधाचा निकालही असाच उजळतो. ज्याला ज्या गटांत चिठ्ठीनें घातलें, त्याला अखेरपर्यंत त्याच गटांत मोजलें पाहिजे.

शेवटीं टक्केवारीविषयीं. चार औषधें एका गोळींत घालून तिच्या जोडीला अ‍ॅस्पिरिन देण्याची एक परीक्षा ५,७१३ लोकांवर झाली व २०२१ मध्यें प्रसिद्ध झाली. त्यांतले जवळजवळ निम्मे लोक भारतीय होते. हृद्रोग अद्याप न झालेले, पण होण्याचा संभव असलेले असे हे लोक. "या उपायानें हृदयविकार ३१ टक्क्यांनीं घटले" असा मथळा देतां येईल आणि तो खोटा नाहीं. परंतु मूळ आंकडे पाहा : सुमारें साडेचार वर्षांत निर्गुण गोळीच्या गटांत शंभरांपैकीं ५.८ जणांना विकार झाला, औषधाच्या गटांत ४.१ जणांना. फरक १.७ चा. म्हणजे सुमारें ६० जणांनीं साडेचार वर्षें औषध घ्यावें तेव्हां एकाचें संकट टळतें. आणि चक्कर येण्याचा त्रास मात्र त्या गोळीनें कांहींसा वाढतो. हा लाभ लहान कीं मोठा? एका घराला तो लहान वाटेल, साऱ्या तालुक्याला फार मोठा. दोन्ही उत्तरें बरोबर आहेत. पण "३१ टक्के" एवढेंच ऐकणाऱ्याला यांतलें कोणतेंच उत्तर देतां येणार नाहीं.

श्रोतेहो, हें सर्व ऐकून कोणीं आपल्या मनानें औषध सोडावें किंवा सुरू करावें, असा माझ्या बोलण्याचा अर्थ नाहीं. अर्थ इतकाच कीं, नव्या उपायाची वार्ता घरांत आली म्हणजे कांहीं प्रश्न हातीं असावेत. तुलना कोणाशीं केली, आणि गट कोणीं पाडले? मोजलें काय, यंत्रावरचा आंकडा कीं माणसाचें जीवित? त्यांतलीं माणसें माझ्यासारखीं होतीं का? सोडून गेलेल्यांना मोजलें का? आणि शंभरांपैकीं नेमका किती जणांना लाभ, किती जणांना अपाय? आपल्या डॉक्टरांना हे प्रश्न नम्रपणें विचारावेत. चांगला डॉक्टर रागावणार नाहीं. चांगल्या शिक्षकाला वर्गांतल्या शंकेचा जसा आनंद होतो, तसाच त्यालाही होईल.

त्या १४३ सैनिकांपैकीं ७० जण निर्गुण गोळी घेत होते आणि ती निर्गुण आहे हें त्यांना माहीत नव्हतें. त्यांतल्या २७ जणांनीं सोसलें, तेव्हां आपल्या घरांतल्या साध्या रक्तदाबाच्या गोळीविषयीं आज कोणी खात्रीनें बोलूं शकतो. ही खात्री इतकी महाग पडलेली आहे. ती शेजारच्याच्या एका वाक्यावर उधळून टाकूं नये, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.